पाण्याचा दुष्काळ, मुलांचा अतिसार आणि यकृताचा कागद

(साहाय्यक समितीच्या वार्षिक सभेंत एका वकील सभासदांनीं केलेलें भाषण. सभेच्या इच्छेवरून वृत्तांतांत छापलें आहे.)



टँकरच्या खेपा, उपसलेल्या विहिरी, वांटलेलें धान्य व जमाखर्च यांचा हिशेब चिटणिसांनीं आपणांपुढें मांडलाच आहे. त्या हिशेबांत न बसणारी एक गोष्ट सांगण्याची आज्ञा मला झाली आहे. मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. तीस वर्षें कोर्टांत उभें राहून दुसऱ्यांचीं कागदपत्रें वाचणें हा माझा धंदा. मुलांच्या रोगाविषयीं बोलण्याचा अधिकार मला कोठून आला, असें कोणी विचारील, तर तो माझ्या एका चुकीमुळें आला, इतकेंच तूर्त सांगतों. ती चूक मी लपविणार नाहीं. कारण ती दहा घरांत घडत असावी असा माझा समज आहे, आणि टंचाईच्या दिवसांत तिची किंमत मूल देतें.

प्रथम पाण्याविषयीं दोन शब्द. देशावरील माणसाला रायगडच्या किनाऱ्यावर पाण्याचा दुष्काळ पडतो हें सांगितलें तर तो हंसतो. आपल्याकडे वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; मराठवाड्यांतील शेतकऱ्यानें स्वप्नांतही पाहिला नसेल इतका. परंतु सह्याद्रीचा उतार तीव्र आणि समुद्र जवळ. काळ्या पाषाणावर पडलेलें पाणी पाहतां पाहतां खाडीला मिळतें, आणि होळी झाली कीं डोंगराच्या कुशींतील वाड्यांच्या विहिरी तळ दाखवूं लागतात. खारेपाटाची तऱ्हा याहून निराळी. पेण व अलिबाग तालुक्यांच्या त्या पट्ट्यांत चोहोंकडे पाणी दिसतें, पण हंडा भरावा असें तें नसतें. खाडीचें पाणी रोखण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या बांध घातले गेले. तरी जमिनीखालचा खारटपणा विहिरीला सोडीत नाहीं. बाया पहांटे उठून दूरच्या विहिरीवर वा टँकरच्या वाटेवर जाऊन बसतात, तें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे.

पाण्याचा दुष्काळ केवळ पाऊस न पडल्यानें होतो असेंही नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर चढून आलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले, आणि वीज गेली म्हणून पाण्याचे पंपही मुके झाले. पुढच्याच वर्षीं, जुलै २०२१ मध्यें, सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें. घरांत कमरेएवढें पाणी आणि पिण्यास घोट नाहीं, ही स्थिति त्या दिवसांत महाडकरांनीं अनुभवली. तात्पर्य, अवर्षण असो, वादळ असो वा पूर असो, अखेरचा प्रश्न एकच राहतो: स्वच्छ पाण्याचा तांब्या घरांत आहे कीं नाहीं?

आणि याच महाडांत, २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन प्राशन केलें. त्या तळ्यावरून जो दिवाणी दावा लागला, त्याचा शेवट मुंबईच्या हायकोर्टांत १९३७ सालीं अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांच्या बाजूनें झाला. पाणी ही धर्मादायाची वस्तु नसून हक्काची वस्तु आहे, हा धडा आपल्या जिल्ह्यानें साऱ्या देशाला दिला. १९९१ सालीं सुभाषकुमार विरुद्ध बिहार सरकार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें शुद्ध पाणी व शुद्ध हवा यांचा समावेश संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्कांत केला. हे मोठे शब्द खरे होतात कीं खोटे, याची परीक्षा न्यायालयांत होत नाहीं. ती होते दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या अंथरुणापाशीं.

आतां मुख्य विषयाकडे वळतों. उलट्या व जुलाब हा लहान मुलांचा जुनाच शत्रु. पूर्वीं याचें खापर दांत येण्यावर, दृष्टीवर, नाहीं तर आईच्या खाण्यावर फुटत असे. १९७३ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या आंतड्याच्या कणांत सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं एक विषाणु दिसला. त्याचा आकार चाकासारखा म्हणून त्याला रोटाव्हायरस हें नांव मिळालें. त्याच सुमारास नोरोव्हायरसाचाही शोध लागला. या विषाणूंचा रोग हातांतून, भांड्यांतून, पाण्यांतून पसरतो. रोटाव्हायरस तर असा सर्वसंचारी आहे कीं श्रीमंताच्या आणि गरिबाच्या दोघांच्याही मुलाला तो पहिल्या चार-पांच वर्षांत एकदां तरी बहुधा गांठतोच. दोघांना गांठतो तो सारखा; परंतु दोघांना मारतो तो सारखा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या अंदाजाप्रमाणें जगांत पांच वर्षांखालील सुमारें ४ लाख ४० हजार मुलें दरसाल अतिसारानें दगावतात, आणि त्यांतील बहुतेक सारीं गरिबांच्या घरचीं असतात.

विषाणु करतो काय? आंतड्याच्या आंतल्या अस्तराला मखमलीसारखे बारीक केसर असतात. अन्नरस व पाणी शोषून घेण्याचें काम त्यांचें. विषाणु त्यांच्या पेशींत शिरून त्या नासतो. मग प्यालेलें पाणी शोषलें जात नाहीं, उलट शरीरांतलें पाणी व मीठ जुलाबावाटे बाहेर जाऊं लागतें. वर उलट्या आणि ताप. मोठ्या माणसाच्या वजनांत पाण्याचा वांटा साठ टक्क्यांच्या आसपास. तान्ह्या मुलांत तो याहूनही अधिक असतो, आणि त्याची रोजची उलाढालही मोठी. म्हणून मोठ्या माणसाला जो जुलाब दोन दिवसांची कटकट वाटतो, तोच लहान मुलाला एका दिवसांत शोष आणतो. शोष म्हणजे शरीरांतील पाणी आणि क्षार आटणें. मूल मरतें तें विषाणूनें नव्हे. बहुधा या शोषानें मरतें.

आतां माझी चूक सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत माझी कन्या तिच्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरीं आली होती. आमच्या गांवीं त्या साली नळाला चार दिवसांआड पाणी येई. मुलाला रात्रीं उलट्या सुरू झाल्या, पहांटेपासून पाण्यासारखे जुलाब. तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी दवाखान्यांत नेलें. तेथें रक्त तपासावयास दिलें, औषध लिहून दिलें, आणि संध्याकाळीं कागद हातांत आला. त्या कागदावर एसजीपीटी आणि एसजीओटी अशा दोन ओळी होत्या, आणि त्यांच्यापुढचे आंकडे नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीच्या घरांत होते. आंकड्यांखालीं ठळक रेघ ओढलेली होती. रेघेचा अर्थ कोणी सांगितला नाहीं, व आम्हीही विचारला नाहीं.

घरांत एकच शब्द फिरला: कावीळ. कागद वाचणारा मी. लिव्हर सुजली आहे, असा निवाडा मीच दिला. मग काय विचारतां! तूप बंद झालें, दूध बंद झालें, भात बंद झाला. उसाचा रस आणविला. कावीळ उतरविणाऱ्या एका गृहस्थांकडून मंतरलेली माळ आणून मुलाच्या गळ्यांत घातली. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळविण्यासाठीं मी फोनाला चिकटून बसलों. या साऱ्या धांवपळींत अठरा तास गेले. मूल रडेनासें झालें, तेव्हां आम्ही म्हणालों, आतां जरा निवलें, झोप लागली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या वाडीच्या आशाताई सहज घरीं आल्या. शिक्षण दहावीपर्यंत, हातांत एक पिशवी. त्यांनीं कागदाकडे पाहिलेंही नाहीं. मुलाच्या पोटाची कातडी चिमटींत धरून सोडली. ती हळूहळू खालीं बसली. डोळे पाहिले, जीभ पाहिली, आणि मला विचारलें, "अण्णा, बाळानें शू केव्हां केली?"

घरांत आम्ही सात माणसें होतों. एकालाही उत्तर देतां आलें नाहीं.

त्यांनीं पिशवींतून क्षारसंजीवनीची पुडी काढली, लिटरभर उकळून निवविलेलें पाणी मागितलें, आणि माझ्या मुलीच्या मांडीवर मूल देऊन चमच्याचमच्यानें पाजावयास बसविलें. दोन चमचे गेले कीं उलटी झाली. त्यांनीं दहा मिनिटें थांबून पुन्हां आरंभ केला, पहिल्याहून सावकाश. दुसरीकडे गाडी तयार ठेवावयास सांगितलें. मूल पिईनासें झालें किंवा जागें होईनासें झालें तर तडक सरकारी रुग्णालय गांठावयाचें होतें. चार तासांत पाऊण लिटरहून अधिक पाणी पोटांत गेलें. दुपारीं मुलानें लघवी केली, आणि मग तें रडलें. डोळ्यांत पाणी आणून रडलें. तें रडणें ऐकून मला जें वाटलें तें मी सभेंत सांगूं शकत नाहीं. तीन आठवड्यांनीं तें रक्त पुन्हां तपासलें, तेव्हां दोन्ही आंकडे मर्यादेच्या आंत आले होते. माळेनें नव्हे, उसाच्या रसानेंही नव्हे; ते आपोआपच उतरावयाचे होते.

ज्यानें आयुष्यभर साक्षीदाराची उलटतपासणी केली, त्यानें कागदाची मात्र एकही उलटतपासणी न करतां त्याच्या एका ओळीवर निकाल दिला. आणि समोर निजलेला खरा साक्षीदार, म्हणजे तें मूल, त्याला एक प्रश्नही विचारला नाहीं. ही माझी चूक.

त्यानंतर मीं डॉक्टर मित्रांना विचारून आणि वाचून या कागदाचा अर्थ समजून घेतला. तो सोप्या शब्दांत सांगतों. यकृताच्या पेशींत कांहीं विकरें असतात. रासायनिक कामें घडवून आणणारीं तीं द्रव्यें होत. त्यांतील दोहोंना प्रयोगशाळा एसजीपीटी आणि एसजीओटी, अथवा नव्या नांवानें एएलटी आणि एएसटी म्हणते. पेशीला इजा झाली कीं तीं रक्तांत झिरपतात. कोठाराची भिंत भेगाळली तर धान्य बाहेर सांडावें, तसें. पण सांडलेल्या धान्यावरून भिंतीला किती भेग पडली आणि ती कोणी पाडली हें समजत नाहीं. शिवाय एसजीओटी केवळ यकृतांतच असतें असें नाहीं. तें स्नायूंत, हृदयांत, रक्ताच्या तांबड्या पेशींतही असतें. तेव्हां या आंकड्यांची साक्ष परिस्थितिजन्य. दुसऱ्या पुराव्याची जोड असल्याखेरीज तिच्यावर निवाडा देतां येत नाहीं.

विषाणूच्या अतिसारांत या आंकड्यांची थोडी वाढ होणें ही विरळा गोष्ट नाहीं. रोटाव्हायरसाच्या रोग्यांत ती पुष्कळदां आढळते. बहुधा ती माफक असते, आणि मूल बरें झाल्यावर कांहीं दिवसांत वा आठवड्यांत ओसरते. तिचीं कारणें एकाहून अधिक. एक तर रोटाव्हायरस आंतड्यांतच कोंडून राहतो ही जुनी समजूत आतां राहिलेली नाहीं. आजारी मुलांच्या रक्तांतही त्याचा अंश सांपडलेला आहे. दुसरें, शोष फार वाढला तर रक्ताचें मान घटतें, शरीर उरलेलें रक्त हृदय व मेंदू यांच्याकडे वळवितें, आणि आंतडें व यकृत यांचा पुरवठा तुटतो. मग यकृताच्या पेशींना झळ लागते. तिसरें, औषधें. ताप उतरावा म्हणून पॅरासिटामॉल वजनाच्या प्रमाणाबाहेर वा वारंवार दिलें तर यकृताला जबर इजा होऊं शकते; आणि ॲस्पिरिन तर मुलाला डॉक्टरांच्या आज्ञेवांचून देऊंच नये. चवथें, कुपोषण, ज्या मुलाला पोटभर अन्न मिळालेलें नाहीं, त्याचें यकृत आधींच दुबळें असतें.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, यकृताचा आंकडा हें शोषाचें माप नव्हे. आंकडा किंचित चढलेला असून मूल हंसतखेळत असूं शकतें, आणि आंकडा सरळ असतांना मूल शोषानें मरणाच्या दारीं असूं शकतें. शोष मोजावयाचा तो डोळ्यांनीं आणि बोटांनीं. डोळे खोल गेले का? तोंड कोरडें का? रडतांना अश्रु येतात का? चिमटीची कातडी सावकाश बसते का? मूल चिडचिडें होऊन अधाशासारखें पितें का? हीं चिन्हें दिसलीं कीं शोष आहे. मूल मलूल पडलें, पितां येईना, कातडी बसावयास दोन सेकंदांहून अधिक लागले, तर शोष तीव्र आहे. मग घरीं क्षणभरही थांबूं नये, शिरेंतून पाणी देण्याची सोय असेल तेथें न्यावें, आणि वाटेंत पितां आलें तर घोट घोट पाजीत न्यावें.

दुसरी गोष्ट ही कीं, आंकडा अगदींच फेंकून देण्याजोगाही नाहीं. डोळ्यांचें पांढरें पिवळें होणें, लघवी गडद होणें, शौच पांढुरकें होणें, कोठून रक्त येणें, पाणी भरून काढल्यावरही मुलाची गुंगी न उतरणें, अथवा आंकडे मर्यादेच्या कित्येक पटींनीं चढणें, यांपैकीं कांहीं असेल तर तें प्रकरण निराळें. खरी कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई या नांवांची, हीही दूषित पाण्यानेंच पसरते, आणि तिचा आरंभही ताप व उलट्यांनीं होऊं शकतो. १९५५-५६ सालीं दिल्लीच्या नळांत गटाराचें पाणी मिसळलें, तेव्हां तिनें हजारों माणसें अंथरुणाला खिळविलीं होतीं. म्हणून कागद डॉक्टरांकडून समजून घ्यावा, सांगितल्यास पुन्हां तपासावा. पण तो समजेपर्यंत पाणी पाजण्याचें काम थांबवूं नये. साध्या अतिसाराला बहुधा रक्ततपासणीची गरजच नसते. गरज असते ती पाण्याची.

उपासाविषयीं आपल्या घरांतील माताभगिनींना माझी हात जोडून विनंति आहे. जुलाब झाले कीं मुलाचें अन्न तोडावयाचें, ही आपली जुनी चाल. यकृत हें शरीराचें साखरेचें कोठार. मूल जेवलें नाहीं कीं तें कोठार रक्ताला साखर पुरवितें. पण लहान मुलाचें कोठार लहान, आणि कुपोषित मुलाचें तर जवळजवळ रिकामें. उपास लांबला कीं साखर उतरते, मूल गळून पडतें, कित्येकदां झटकेही येतात. यकृताला विश्रांति म्हणून जो उपास आम्ही घडविला, तो यकृतावरच नवा भार होता. म्हणून अंगावरचें दूध चालूं ठेवावें, किंबहुना अधिक पाजावें. मोठ्या मुलाला मऊ भात, भाताची पेज, वरणाचें पाणी, केळें, ताजें ताक द्यावें. शहाळ्याचें पाणी आपल्या किनाऱ्याचें अमृत खरें. परंतु जुलाबांत जें मीठ वाहून जातें, तें शहाळ्यांत फार थोडें असतें. तेव्हां शहाळें आवडीनें द्यावें, पण क्षारपाण्याच्या जागीं देऊं नये. उसाचा रस, बाटलींतील गोड पेयें आणि चहा हीं मात्र नकोत. अति साखरेनें जुलाब वाढतो.

क्षारपाण्याची कथा आपल्या समितीसारख्या मंडळींनीं पाठच करावी. १९७१ सालीं बांगलादेशच्या युद्धांत लक्षावधि निर्वासित बंगालच्या सीमेवर आले आणि त्यांच्यांत पटकी उद्भवली. बनगांवच्या छावणींत शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं साखर, मीठ व सोडा यांचें पाणी पिंपांत कालवून रोग्यांच्या नातेवाईकांच्या हातीं दिलें. मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें, तें शेंकडा चारच्या खालीं आलें. १९७८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकानें या शोधाच्या मुळाशीं असलेलें तत्त्व शतकांतील कदाचित् सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हणून गौरविलें. महालनबीस २०२२ सालीं वारले. पुढच्या वर्षीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालें. तत्त्व इतकेंच, कीं आजारी आंतडेंही साखर व मीठ जोडीनें आलीं तर शोषून घेतें, आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातें.

आज जी पुडी सरकारी उपकेंद्रांत मोफत मिळते, तिच्यांत एका लिटरसाठीं १३·५ ग्रॅम ग्लुकोज, २·६ ग्रॅम मीठ, १·५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २·९ ग्रॅम सायट्रेट असतें. पुडी पूर्ण लिटरांतच विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यांत अंदाजानें टाकणें घातक. पाणी खारट झालें तर शोष वाढतो. कालविलेलें पाणी चोवीस तासांनीं टाकून द्यावें. शोषाचीं चिन्हें दिसूं लागलेल्या मुलाला वजनाच्या दर किलोस ७५ मिलिलिटर या मानानें चार तासांत पाजावें; पुढें दर जुलाबामागें दोन वर्षांखालील मुलाला अर्धी ते एक वाटी, मोठ्याला एक ते दोन वाट्या. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. सोबत जस्ताच्या गोळ्या चवदा दिवस: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील मुलाला १०. विषाणूवर प्रतिजैविकें चालत नाहींत. जुलाब कोंडून धरणारीं औषधें लहान मुलांना देऊं नयेत.

वकील म्हणून एक सूचना. बाजारांत ओआरएस हीं अक्षरें मिरविणारीं, पण साखरच अधिक असलेलीं गोड पेयें वर्षानुवर्षें विकलीं गेलीं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनीं त्याविरुद्ध दीर्घ झगडा दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें अशा पेयांवर तीं अक्षरें छापण्यास मनाई केली. तरीही पुडी घेतांना जागतिक आरोग्य संघटनेचें सूत्र लिहिलें आहे कीं नाहीं, हें वाचूनच घ्यावी. कागद वाचण्याची माझी विद्या येथें तरी उपयोगी पडेल!

रोगापूर्वींची तजवीज तीन प्रकारची. एक लस. दिल्लीच्या एका रुग्णालयांत नवजात मुलांत सांपडलेल्या रोटाव्हायरसापासून भारतीय लस तयार झाली. दुसरी आपल्या पुण्यांत तयार होते. २०१६ पासून सरकारी कार्यक्रमांत तिचा समावेश होऊं लागला, महाराष्ट्रांत २०१९ सालीं. सहा, दहा आणि चवदा आठवड्यांचे तीन डोस, तोंडानें, विनामूल्य. वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांचीं मुलें या डोसांना मुकतात. त्यांचा माग काढणें हें आपलें काम. दुसरें, पाण्याचें शुद्धीकरण. हजार लिटरला सुमारें अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर, आणि मग एक तास थांबणें. उघडी राहून ओली झालेली पावडर केवळ पांढरी माती होय. तिसरें, हात धुणें. परंतु ज्या घरांत सहा माणसांना दोन हंडे पाणी, तेथें हात धुवा असा उपदेश करणें हा निर्दयपणा आहे. हात धुण्याचें पाणी हें चैनीचें पाणी नव्हे, तें औषधाचें पाणी होय, असें मानूनच टँकरचा हिशेब झाला पाहिजे.

सभ्य गृहस्थहो, आतां मागणें. दहा किलो वजनाच्या मुलाला शोषांतून ओढून काढावयास पहिल्या चार तासांत पाऊण लिटर पाणी लागतें. दहा हजार लिटरांच्या टँकरमध्यें पाऊण लिटर म्हणजे काय? हंडा भरतांना खालीं सांडतें त्याहून कमी! पण तें स्वच्छ असावें, वेळेवर असावें, आणि पाजणाऱ्या हाताला ठाऊक असावें. या तिन्ही गोष्टी आपण पुरवूं शकतों. माझी सूचना अशी आहे कीं, ज्या ज्या वाडीवर आपला टँकर उभा राहतो, तेथें तेथें एक डबा ठेवावा. त्यांत क्षारसंजीवनीच्या पुड्या, जस्ताच्या गोळ्या, लिटरचें एक खुणेचें भांडें आणि घट्ट झांकणाची टीसीएल पावडर असावी. डब्याची किल्ली वाडींतील एका बाईच्या हातीं द्यावी, आणि तिला आशाताईंकडून एक दिवस शिकवावें. आपल्या खेपांच्या वहींत लिटरांच्या रकान्याशेजारीं दुसरा एक रकाना आंखावा: या आठवड्यांत कितीं मुलांना जुलाब झाले, आणि कितींना पाजलें. पुढील वर्षींच्या वृत्तांतांत तो रकाना प्रथम वाचला जावा.

ज्यांना द्रव्य देतां येईल त्यांनीं द्रव्य द्यावें. चिटणिसांकडे पावती मिळेल. ज्यांच्याजवळ गाडी आहे त्यांनीं रात्रीं-अपरात्रीं एका आजारी मुलाला रुग्णालयांत पोंचविण्याचें वचन द्यावें. ज्यांच्या विहिरीला मे महिन्यांतही पाणी असतें त्यांनीं तिचा पाट सर्वांना खुला ठेवावा. आणि ज्यांच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं, त्यांनीं आशाताईंचा तो एक प्रश्न पाठ करावा व शेजारच्या घरीं जुलाबाचें मूल असेल तेथें जाऊन विचारावा: बाळानें शू केव्हां केली?

मला त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. आमचें मूल वांचलें तें आमच्या शहाणपणानें वांचलें नाहीं. वेळेवर कोणी आलें म्हणून वांचलें. डोंगरांतल्या ज्या वाडीवर तसें कोणी येत नाहीं, तेथें येणारें तें कोणीतरी आपली समिति व्हावी, इतकी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.